त्याच आशयाचे

परदेशात शिकायला सरकार ज्या मुलांना पाठवतं, त्यांचे अर्ज तिसऱ्या मजल्यावरच्या एका टेबलावर तपासले जात. त्या टेबलामागे बसणाऱ्या बाईंचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मुलं त्यांना त्रुटीबाई म्हणत. "आपल्या अर्जात खालील त्रुटी आढळून आल्या आहेत" या ओळीनं सुरू होणारं पत्र ज्याला आलं नाही, असा अर्जदार सव्वीस वर्षांच्या नोकरीत, पहिली दोन वर्षं सोडली तर, झाला नव्हता. एकानं घाईघाईत जन्मतारखेच्या रकान्यात त्या दिवशीचीच तारीख लिहिली होती. बाईंनी त्याला कळवलं, "अर्जदाराचे वय शून्य दिवस दिसते. खुलासा करावा."

आपल्याला काय म्हणतात हे बाईंच्या कानावर होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "नावं ठेवायला तरी माझं पत्र शेवटपर्यंत वाचतात," त्या म्हणत.

मुळात बाई कडक नव्हत्या. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगा आला होता. त्याच्या दाखल्यावर शिक्का नव्हता. मुलगा लांबून आलेला, चेहरा उतरलेला. बाईंना दया आली. "राहू दे, एवढ्यानं काय होतंय," म्हणून त्यांनी अर्ज पुढे सरकवला. निवड मंडळानं नेमका त्या शिक्क्यावरून तो बाद केला. मुलगा पुन्हा आला, तेव्हा भांडला नाही की रडला नाही. "तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर मी आणला असता," एवढंच म्हणाला आणि जिना उतरून गेला. ते वाक्य बाईंच्या काळजात रुतून बसलं. तेव्हापासून त्या दया वेळेवर करायला लागल्या. म्हणजे आधीच त्रुटी काढायला लागल्या.

परदेशी गेलेल्या मुलांनी दर सहा महिन्यांनी अहवाल पाठवायचा असा नियम होता. बाईंचं काम पानं मोजून ते फायलीला लावायचं. पण बाई ते वाचत. त्यामुळे कुठल्या गावात हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो, कुठल्या वसतिगृहाच्या खिडक्या उघडतच नाहीत, कुठल्या प्राध्यापकांना 'सर' म्हटलं की राग येतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. स्वतः बाई कधी विमानात बसल्या नव्हत्या. विमानतळही त्यांनी एकदाच पाहिला होता, बाहेरून, तोही रिक्षावाला रस्ता चुकल्यामुळे. पण निवडीचं पत्र न्यायला आलेल्या मुलांना त्या बजावून सांगत, "जाड मोजे इथूनच घेऊन जा. तिथे घेऊ म्हणाल. पण विमानातून उतरल्यापासून दुकान सापडेपर्यंत पाय तुमचेच असतात."

घरी मात्र बाईंच्या त्रुटी काढायला नवरा होता. तो शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता, आता निवृत्त. चहाचं पाणीसुद्धा तो काचेच्या नळीत मोजून घ्यायचा. आणि एक मुलगा होता. लग्नानंतर वर्षभरात तो आणि सून वेगळे राहायला गेले. भांडण नाही, तंटा नाही. "जागा लहान पडते गं आई," एवढंच. नवं घर तीन चौक पलीकडे. जाताना तो म्हणाला होता, "हाकेच्या अंतरावर तर आहे." बाई कुणाला हाका मारणाऱ्यांतल्या नव्हत्या. आणि तो हाक मारल्याशिवाय येणाऱ्यांतला नव्हता. महिन्यातून एखाद्या रविवारी दोघं यायची, पाहुण्यांसारखी खुर्चीच्या कडेला बसायची. गेल्यावर नवरा कप मोजून विसळायचा आणि म्हणायचा, "तासभर बसले आज. सुधारणा आहे."

त्या दिवशी अर्जांची शेवटची तारीख होती. त्या वर्षी एका परदेशी विद्यापीठाशी देवाणघेवाणीचा करार झाला होता: तिकडून एक जण इकडे येणार, इकडून एक जण तिकडे जाणार. जागा एकच. संध्याकाळी पाच वाजता सगळ्या अर्जांचा गठ्ठा मोहोर लावून निवड मंडळाकडे जायचा होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळ बसायचं होतं.

गठ्ठ्यातला एक अर्ज बाईंच्या मनात भरला होता. त्या तसं बोलून दाखवत नसत, पण ती फाईल त्यांनी दोनदा वाचली होती आणि दुसऱ्यांदा वाचायचं काहीही कारण नव्हतं. अर्जदार मुलगी चोवीस वर्षांची. तिला कृत्रिम पाय कसे बनवतात ते शिकायचं होतं. 'हा विषय का निवडला' या रकान्यात तिनं लिहिलं होतं: "माझी आई शाळेचे गणवेश शिवते. एका वर्गात चाळीस मुलं असली, तर तिच्या वहीत चाळीस मापं असतात. कृत्रिम पाय मात्र आमच्याकडे तीनच मापांत मिळतो. उरलेल्या माणसांनी काय करायचं?"

या मुलीच्या कागदांत बाईंना एकच त्रुटी सापडली होती. परिशिष्ट 'क' नव्हतं. अर्जदार अविवाहित असेल तर पालकानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं संमतिपत्र जोडायचं, असा तो नियम. कुणाच्या तरी आजोबांच्या काळात केलेला, पण अजून कुणी काढला नव्हता. त्रुटीचं पत्र गेलं आणि शेवटच्या दिवशी सकाळी अकराला मुलगी स्वतः पाकीट घेऊन हजर झाली.

"आईनं काल रात्री लिहिलंय," ती म्हणाली. "मला बघूही दिलं नाही. खळ लावून चिकटवूनच दिलं."

बाईंनी पट्टीनं पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि चष्मा वर-खाली केला.

नमुन्यात वाक्य होतं: 'माझी मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी जात आहे. तिच्या जाण्यास माझी संपूर्ण संमती आहे.' पालकानं ते तसंच्या तसं उतरवायचं होतं. मुलीच्या आईनं ठसठशीत अक्षरात ते उतरवलं होतं. पण 'जात आहे'वर आडवी रेघ मारली होती, आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'जाऊन येत आहे'. पुढच्या वाक्यातलं 'जाण्यास'ही खोडलं होतं. त्याच्यावर 'जाऊन येण्यास'.

खाली छापील सूचना होती. तीही बाईंना तोंडपाठ होती. खाडाखोड असलेले संमतिपत्र ग्राह्य धरले जाणार नाही.

बाईंनी कागद मुलीकडे वळवला. मुलीनं वाचलं आणि डोक्याला हात लावला.

"आई पण ना! घरातून कुणी 'जाते' म्हटलेलं तिला चालत नाही. मी कॉलेजला निघाले तरी दारातून परत बोलवून 'येते' म्हणायला लावायची. पण सरकारी कागदावर..." तिला हसावं की रडावं कळेना. "आता?"

"आता दुसरं लिहून आणायचं."

"घर साडेतीन तासांवर आहे, बाई."

शेजारच्या टेबलावर बाहेर जाणाऱ्या टपालाची नोंद करणारी बाई बसायची. सगळे तिला जावकवाली म्हणत. तिचं काम जावक, पण कान आवकचे. ती म्हणाली, "दोन ओळी तर आहेत. इथेच लिहून टाकू दे की हिला."

मुलगी हळूच म्हणाली, "मला येतं आईचं अक्षर. शाळेच्या वहीवर—"

"हे मी ऐकलं नाही," बाई म्हणाल्या.

"कोण बघतंय?" जावकवाली.

"मी बघतेय."

 बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. "फोन कर आईला," त्या म्हणाल्या. "बाराची बस मिळेल. म्हणावं, येऊन माझ्यासमोर लिहा."

फोनवर बराच वेळ पलीकडचाच आवाज येत होता. मुलगी नुसती "हो... हो गं... नाही, मी काही बोलले नाही त्यांना..." म्हणत होती. शाळा सुरू व्हायला आठवडा राहिला होता आणि आईच्या हातात सव्वाशे गणवेश होते. शेवटी ती येते म्हणाली. फोन ठेवून मुलगी जिन्याजवळच्या बाकावर जाऊन बसली, ती पावणेचारपर्यंत हलली नाही. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी डब्यातलं अर्धं झाकणात काढून तिच्यापुढे नेऊन ठेवलं. "खा. उपाशीपोटी कागद लवकर येत नाहीत," एवढं बोलून त्या वळल्या.

पावणेचारला आई आली. ठेंगणी, भराभर चालणारी बाई. मापाची टेप अजून गळ्यात होती. काम टाकून तशीच निघाली होती. टेबलासमोर उभी राहून तिनं आधी कागदाकडे नाही, बाईंच्या खांद्याकडे पाहिलं आणि मग नमस्कार केला.

"एवढ्यासाठी बोलावलंत? मी लिहिलंय ते चूक आहे का?"

"चूक नाही. खोडलेलं आहे," बाई म्हणाल्या. "बसा. हा कोरा कागद, हा नमुना. बघून लिहा."

आईनं पेन उचललं, नमुना वाचला, पेन खाली ठेवलं.

"न खोडता लिहिते. पण 'जात आहे' नाही लिहिणार."

"आई, एक शब्द आहे गं!" मुलगी म्हणाली.

"एकच शब्द आहे, तर त्यांनी बदलावा. त्यांच्याकडे छापखाना आहे, माझ्याकडे नाही."

जावकवाली फिस्सकन हसली. बाई हसल्या नाहीत. "ताई," त्या म्हणाल्या, "पाचला गठ्ठा जाणार. तुमच्या मुलीसारखे अर्ज रोज येत नाहीत. एका शब्दासाठी तिचं वर्ष घालवाल?"

आई मुलीकडे वळली. "खाली जाऊन माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन ये."

"इथे माठ आहे की—"

"बाटली आण."

मुलगी गेली. तिचे पाय जिन्यावर वाजेनासे होईपर्यंत आई बोलली नाही. मग टेप गळ्यातून काढून बोटाभोवती गुंडाळत म्हणाली,

"हिचे वडील वीजखात्यात होते. वायरमन. रोज निघताना 'जातो' म्हणायचे आणि रोज मी म्हणायचे, 'येतो म्हणा.' मग हसून 'येतो' म्हणायचे. त्यांना खोडच होती, मुद्दाम मला छळायला. त्या दिवशी मी एका मुलाच्या पँटला टाचण्या लावत होते. मुलगा समोर उभा, टाचण्या माझ्या तोंडात. ते दारातून 'जातो गं' म्हणाले. मला बोलता येईना. म्हटलं, दोन टाचण्या राहिल्यात, एवढ्या लावून हाक मारू. तोवर ते वळणावरून गेलेसुद्धा." तिनं टेप उलगडली, पुन्हा गुंडाळायला लागली. "खांबावरून पडले. मला कळतं हो ताई, शब्दानं कुणी पडत नाही. तार जिवंत होती, कुणीतरी बंद करायला विसरलं होतं. मला सगळं कळतं. पण मग मी तोंडानं म्हणू देत नाही, ते हातानं लिहून देऊ? आणि वर संमती आहे म्हणू?"

जावकवालीनं पेन खाली ठेवलं होतं.

 सांत्वनाचे शब्द बाईंना कधी जमले नव्हते. त्यांच्या तोंडात कायम नियमच यायचा. म्हणून त्या उठल्या आणि कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. पुस्तक इतकं जुनं झालं होतं की पानं सुटून त्याचे तीन तुकडे पडले होते, आणि ते दोऱ्यानं एकत्र बांधलेले होते. परिशिष्ट 'क'चा नियम त्यांना पाठ होता, पण पाठ असलेलं माणूस वाचत नाही. आज त्यांनी तो बोट ठेवून वाचला. 'पालकाने विहित नमुन्यातील अथवा त्याच आशयाचे संमतिपत्र स्वहस्ताक्षरात सादर करावे.'

त्याच आशयाचे. सव्वीस वर्षं ते दोन शब्द तिथेच होते, आणि त्यांच्यावरून सव्वीस वर्षं त्यांची नजर घसरत आली होती.

पुस्तकाचा मधला तुकडा घेऊन बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब वयानं त्यांच्या मुलाएवढे, नवीन बदलून आलेले. त्यांनी खोडलेला कागद पाहिला आणि डोळे चोळले.

"बाई, तुम्ही? तुम्ही खाडाखोड घेऊन माझ्याकडे आलात?"

"खाडाखोड बादच आहे, साहेब. त्या न खोडता लिहून देतायत. पण 'जाऊन येत आहे' असं लिहिणार आहेत. नियम म्हणतो, त्याच आशयाचं चालेल."

"आशय तोच कसा? जाणं वेगळं, जाऊन येणं वेगळं."

"वेगळं कसं? गेल्याशिवाय जाऊन येता येतं का? 'जाऊन येत आहे'मध्ये 'जात आहे' आहेच, वर थोडं जास्त आहे."

"तेच तर. जास्तीचं कशाला?"

"अट क्रमांक अकरा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित चढला होता. ते त्यांचं त्यांनाच नवीन होतं. "शिक्षण पुरं होताच परत येणं बंधनकारक. आपण मुलांकडून परत येण्याची हमी लिहून घेतो आणि आईबापांकडून नुसती जाण्याची संमती घेतो. आपल्या नमुन्यात येण्याचा शब्दच नाही, साहेब. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही. ही त्रुटी आपली आहे."

साहेबांनी कागद खाली ठेवला. "मंडळ हसेल, बाई."

"हसू दे. हसून बाद करता येत नाही. बाद करायला नियम लागतो."

"मग टिपणी लिहा. तुमच्या सहीनं. कुणी विचारलं तर मी तुमच्याकडे बोट दाखवणार, सांगून ठेवतो."

बाईंनी उभ्याउभ्याच टिपणी लिहिली. स्वतःचं मत म्हणून त्यांनी फायलीत कधी ओळ लिहिली नव्हती. आता लिहायला लागल्या तर दीड पान झालं. साहेबांनी वाचलं. मध्ये एकदा त्यांनी ओठ दाबले. मग खाली 'मान्य' लिहून सही केली आणि म्हणाले, "टिपणी चांगली आहे. पण हे 'बोलण्याच्या रीतीस अनुसरून' काय आहे? ऑफिसच्या भाषेत असं लिहीत नाहीत."

"मग काढू का?"

"नको," साहेब म्हणाले. "खाडाखोड होईल."

दुसऱ्या दिवशी निवड मंडळातल्या एका वयस्क प्राध्यापकांनी ती टिपणी मोठ्यानं वाचून दाखवली. मंडळ खरंच हसलं. मग त्यांनी मुलीचं ते तीन मापांचं वाक्य वाचलं, आणि ती एक जागा तिला मिळाली. पण हे सगळं दुसऱ्या दिवशी. त्या दुपारी बाई खोलीबाहेर आल्या, तेव्हा साडेचार झाले होते आणि आईपुढचा कागद कोराच होता.

मुलगी बाटली घेऊन परतली होती आणि बाटली तशीच बंद होती. बाई खुर्चीत बसल्या. "तुमच्या शब्दात लिहा," त्या म्हणाल्या. "चालेल. साहेबांची सही आणलीय."

मुलीच्या तोंडून श्वास बाहेर पडला. आता आई पटकन लिहील असं तिला वाटलं. बाईंनाही वाटलं. आईनं पेन हातात घेतलं, कागद सरळ केला, आणि थांबली. इतका वेळ ती एका शब्दाशी भांडत होती. तो शब्द जिंकल्यावर त्याच्यामागे काय उभं आहे ते तिला दिसलं असावं.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं इथे बसता. खरं सांगाल?"

"काय?"

"येतात का परत?"

मुलगी म्हणाली, "आई, मी तुला हजारदा सांगितलंय—"

"तुला नाही विचारलं."

बाईंच्या डाव्या हाताच्या खणात एक जाड रजिस्टर होतं. कोण गेलं, कधी गेलं, कधी परत आलं. शेवटच्या रकान्यात तारीख. काही ओळींपुढे तो रकाना रिकामा होता. कितीदा रिकामा होता हे बाईंना रजिस्टर न उघडताही सांगता आलं असतं. 'येतात हो, सगळी येतात,' म्हणणं सोपं होतं. घड्याळात पावणेपाच होत आले होते, आणि या बाईला धीर द्यायला एवढं एक वाक्य पुरलं असतं. जावकवाली तर टेबलावरून डोळ्यांनी खुणा करत होती: म्हणा, म्हणा.

"दहातली आठ येतात," बाई म्हणाल्या.

"आणि दोन?"

"दोन नाही येत. तिकडे नोकरी लागते, लग्न होतं, सवय होते. सरकार नोटिसा पाठवतं. मीच पाठवते."

मुलीनं मान खाली घातली. जावकवालीनं कपाळावर हात मारला.

"माझी आठातली का दोनातली?"

"ते माझ्या रजिस्टरात नसतं, ताई. गेल्यावर कळतं. तिलाही आत्ता माहीत नाही." बाईंनी चष्मा काढून पुसायला रुमाल शोधला, तो सापडला नाही. चष्मा तसाच पुन्हा लावला. "माझा मुलगा तीन चौक पलीकडे राहतो. विमान लागत नाही, पासपोर्ट लागत नाही. चालत आलं तर बारा मिनिटं. तो महिन्यातून एकदा येतो. मग मी म्हणते, अंतराचा काही भरवसा नाही. इथल्या काही मुली जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दर रविवारी आईशी तासतासभर बोलतात, अहवालात लिहितात तसं. काय नियम लावायचा?"

 आईनं हात पुढे केला आणि बाईंच्या डाव्या खांद्यावरची शिवण चिमटीत धरली.

"हा खांदा उतरलाय. कुणी शिवलं हे? आल्यापासून बघतेय. एक बोटभर आत घ्यायला हवा." शिवण सोडून ती म्हणाली, "सगळी येतात असं तुम्ही म्हणाला असतात, तर मी उठून गेले असते. मला वाटलंच होतं, खोटं बोलतील, कागद घ्यायचाय त्यांना."

"कागद घ्यायचाच आहे," बाई म्हणाल्या. "पावणेपाच झाले."

"उभी का आहेस?" आई मुलीवर ओरडली. "बस इथे. उजेड अडवतेस."

मुलगी बसली. आईनं लिहायला सुरुवात केली. तिची लिहायची तऱ्हा वेगळी होती. आधी ओळीतली सगळी अक्षरं सुटीसुटी मांडून घ्यायची, कापलेल्या कापडाच्या तुकड्यांसारखी, आणि मग डावीकडून उजवीकडे एकेका शब्दावर शिरोरेघ ओढत यायची. 'माझी मुलगी' झालं. 'उच्च शिक्षणासाठी' झालं. 'च्च' लिहिताना ती थांबली, नमुन्यात बघितलं, पुन्हा लिहायला लागली. मुलगी मदतीला वाकली, तेव्हा बाईंनी बोटानंच तिला मागे सारलं. 'परदेशी जाऊन येत आहे.' त्यावरून रेघ गेली, न थरथरता. दुसऱ्या वाक्याला मात्र वेळ लागला. 'तिच्या जाऊन येण्यास माझी' इथपर्यंत लिहून आईनं पेन उचललं, मुलीकडे एकदा नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, जसं माप घ्यायच्या आधी बघतात तसं. मग 'संपूर्ण संमती आहे' सलग लिहिलं, एका दमात रेघ ओढली आणि खाली सही केली.

शाई वाळायला तिनं कागदावर फुंकर घातली. कागद बाईंच्या हातात न देता मुलीच्या हातात दिला. "घे. तूच दे त्यांना."

मुलीनं तो दोन्ही हातांनी घेतला. वाचायला लागली आणि दुसऱ्या ओळीशी आल्यावर तिची हनुवटी हलायला लागली.

"रडायचं नाही," आई घाईघाईनं म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज ओला झाला होता. "कागदावर थेंब पडला तर ह्या बाई मला पुन्हा लिहायला लावतील. माझे सव्वाशे गणवेश आहेत घरी."

बाईंनी मुलीच्या हातून कागद काढून घेतला आणि आपल्यासमोर ठेवला. एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. मग, स्वतःचाही भरवसा नाही म्हणून, तो टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला सरकवला.